वैनाचं मौनकडं

"वैना, पाय," मृदुलाबाई म्हणाल्या आणि स्टूल पुढे ओढून बसल्या.

हत्तीण गजांपाशी आली. डावा पुढचा पाय उचलून तिने तो गजांमधल्या चौकटीत ठेवला. पलीकडे तिचा माहूत सोमा मडावी तिच्या सोंडेत उसाची कांडी देत उभा होता. मृदुलाबाईंनी कानस उचलली आणि नखाची कड घासायला सुरुवात केली. मधल्या नखाच्या मुळाशी एक चीर होती. ती धुवायची, पू काढायचा, औषधाची पट्टी भरायची, हे काम त्या गेली दोन वर्षं रोज सकाळी करत होत्या. चीर कधी थोडी मिटायची, मग पुन्हा उघडायची. वास मात्र कधी गेला नव्हता. आता त्यांना तो घरी गेल्यावरही हातांना येतो असं वाटायचं.

डॉक्टर मृदुला खानझोडे या कन्हानतीर प्राणिउद्यानाच्या पशुवैद्य. निवृत्तीला थोडाच काळ उरला होता. उद्यानात दोन हत्तिणी होत्या, वैनगंगा आणि शेवंती. वैनगंगेला सगळे वैनाच म्हणत. दोघी लहानपणापासून बरोबर वाढलेल्या. वैनाचा पाय बिघडल्यावर तिला उपचारांच्या वाड्यात, सिमेंटच्या फरशीवर आणून ठेवलं होतं. शेवंती पाणघोड्याच्या तळ्यापलीकडे, मातीच्या आवारात होती. दोघींना एकमेकी दिसत नव्हत्या.

"आज किती हाय जी?" सोमाने विचारलं.

मृदुलाबाईंनी भिंतीवरच्या पडद्याकडे पाहिलं. "एक्काहत्तर."

सोमाने हातातली उसाची मोळी खाली ठेवली आणि वैनाच्या कानामागे हात फिरवत राहिला.

हा आकडा म्हणजे कळांक. तीन वर्षांपूर्वीपर्यंत तो नव्हता. हत्तीचा पाय दिसतो खांबासारखा, पण हत्ती खरं तर चवड्यांवर उभा असतो. टाचेखाली चरबीची जाड उशी असते, ती वजन पेलते. रानात मैलोन्‌मैल चालताना नखं झिजतात, तळवा घासला जातो. पिंजऱ्यातल्या हत्तीला चालायला जागा नसते. फरशी कठीण आणि ओली. नखं वाढतात, फुटतात, त्यात घाण शिरते आणि एक दिवस ती हाडापर्यंत पोचते. पाळलेले कितीतरी हत्ती शेवटी पायानेच जातात. पण हत्ती दुखणं दाखवत नाही. लंगडायला लागला तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो.

म्हणून वाड्याच्या फरशीवर एक पातळ करडा थर बसवला होता. त्यात बारीक संवेदक विणलेले. कोणत्या बोटावर किती भार, तळवा किती गरम, हे तो मोजायचा. शिवाय आणखी एक गोष्ट. दुखऱ्या जागेला जपताना भोवतालचे स्नायू एका ठरावीक लयीत बारीक थरथरतात. डोळ्यांना ती थरथर दिसत नाही, थराला कळते. या सगळ्यावरून शून्य ते शंभर असा एक आकडा निघायचा. शोध लागला तेव्हा सगळ्यांना आनंद झाला होता, मृदुलाबाईंनाही. मुक्या जनावराचं दुखणं प्रथमच दिसत होतं.

आणि दिसायला लागल्यावर त्याचं काहीतरी करणं भाग पडलं. नवा नियम आला. बंदिवासातल्या जनावराचा कळांक महिनाभर साठच्या वर राहिला, तर एकतर तो खाली आणायचा, नाहीतर त्या जनावराला दयामरण द्यायचं. दुखतंय हे माहीत असून ठेवायचं नाही.

वैनाचा महिना संपत आला होता.

*

संचालक रजनीश ठवकर मृदुलाबाईंपेक्षा वयाने बरेच लहान होते. माणूस वाईट नव्हता. त्यांनी टेबलावरची पेटी उघडून दाखवली. आत झाडाच्या बुंध्याला बसेल असं एक रुंद कडं होतं.

"मॅडम, हे मिळालंय. आठ उद्यानांमध्ये वापरतात. लावलं की आकडा दहाच्या खाली."

"मला माहीत आहे ते."

घोट्याच्या वर बसवायचं ते कडं जलद लयीचा वीजप्रवाह सोडून पायातल्या नसांची वाट अडवायचं. खालचा निरोप वर जायचा नाही. कंपनीने त्याला लांबलचक नाव दिलं होतं. ठिकठिकाणचे माहूत त्याला मौनकडं म्हणायला लागले होते.

"फक्त कळ अडते असं ते सांगतात," मृदुलाबाई म्हणाल्या. "कुत्र्याच्या पायात तसं होतंही. हत्तीच्या एवढ्या जाड पायात नसेपर्यंत पोचायचं तर प्रवाह वाढवावा लागतो. मग सगळंच अडतं. पाय आहे की नाही हेसुद्धा तिला समजणार नाही."

"मग दुसरं काय आहे?"

"मऊ मातीचं मोठं आवार. चालणं."

"ते मी चार वर्षं मागतोय मॅडम. तुम्हीच माझ्याबरोबर आला होतात दोनदा." ठवकरांनी चष्मा काढून डोळे चोळले. "आवार मिळेल तेव्हा मिळेल. महिना आता संपतोय."

औषधं मृदुलाबाईंनी स्वतःच बंद करायला लावली होती. वेदनाशामकं इतका काळ दिली होती की वैनाची मूत्रपिंडं कुरकुरायला लागली होती.

सोमा बाहेर थांबला होता. त्या आल्या तसा तो त्यांच्याबरोबर चालू लागला.

"लावून टाका ते कडं," तो म्हणाला. "मी रोज तो आकडा पाहातो मॅडम. पहिले आकडा नव्हता तं झोप तरी लागत होती. आता घरी जेवाले बसलो का डोळ्यापुढं एक्काहत्तर. बायको म्हणते, हत्तिणीचं दुखणं तू घरात काहून आणतं?"

"तिचा पाय बरा होणार नाही त्याने."

"बरा होत नाहीच हाय ना. दुखनं तं थांबन."

 मृदुलाबाई थकल्या होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी कडं बसवलं.

*

पहिले काही दिवस सगळं फार छान झालं. कळांक चारवर आला. वैना वाड्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत चालू लागली, तेही भराभरा. खेळायला ठेवलेला टायर सोंडेने उचलून तिने छपरावर फेकला. लोक बघायला आले. सोमाने तिला लाल मातीने माखलं आणि हसत हसत आंघोळ घातली. त्याला हसताना मृदुलाबाईंनी फार दिवसांनी पाहिलं.

त्या स्वतःही जरा सैलावल्या. वैनाची पट्टी रोज सोडेनाशा झाल्या, घरी जाऊन लवकर आडव्या व्हायला लागल्या. त्यांचे यजमान दिवाकरराव भूमापन खात्यातून निवृत्त झालेले. आयुष्यभर साखळी आणि दुर्बीण घेऊन शिवारं तुडवलेला माणूस. गेल्या काही वर्षांत मधुमेहाने त्यांच्या पावलांतली जाणीव गेली होती. रोज संध्याकाळी त्यांचे तळवे उजेडात धरून बघायचं, बोटांच्या बेचक्या पुसायच्या, हे मृदुलाबाईंचं ठरलेलं काम होतं. दिवसा हत्तिणीचा पाय आणि संध्याकाळी नवऱ्याचा. त्या आठवड्यात मात्र त्यांनी विचारलं, "अहो, पाय ठीक आहेत ना?" दिवाकरराव म्हणाले, "काही दुखत नाही," आणि त्या तशाच झोपल्या.

चपलेत एक खडा होता. तो घेऊनच दिवाकरराव रोज फिरायला जात होते. मोज्याला डाग दिसला तोवर करंगळी काळी पडली होती.

करंगळी काढावी लागली. दुपारी त्या दवाखान्यात पलंगाशेजारी बसल्या होत्या. बांधलेलं पाऊल उशीवर ठेवलेलं.

"मी बघायला हवं होतं," त्या म्हणाल्या.

"तुझे हात दोनच आहेत मृदुला. आणि बघायच्या पायांची संख्या सहा." दिवाकरराव छताकडे पाहत होते. "हत्तीण कशी आहे?"

"दुखत नाही तिला. तुमच्यासारखंच झालंय."

दिवाकररावांनी बांधलेल्या पावलाकडे पाहिलं. मग म्हणाले, "सकाळी उठून पाय खाली सोडतो ना, तेव्हा फरशी आली की नाही ते मला कळत नाही. बघावं लागतं. उगाच कुठेतरी टांगलेला आहे असं वाटतं. दुखणं नको गं मला, ते मी मागणार नाही. पण जमीन हवी होती."

मृदुलाबाईंनी त्यांच्या पायावरचं पांघरूण नीट केलं. घरी परतण्याऐवजी त्या उद्यानात गेल्या.

*

वैना वाड्याच्या मध्यभागी उभी होती, चारही पायांवर सारखा भार देऊन. आधी ती डावा पुढचा पाय जपायची. आता जपत नव्हती. मृदुलाबाईंनी पट्टी सोडली. चीर तळव्याखाली सरकली होती आणि मधलं नख अर्धं सुटून लोंबत होतं. वैनाला त्याचा पत्ता नव्हता. ती सोंडेने त्यांचा खांदा चाचपत होती.

क्ष-किरणांचं यंत्र आणून त्यांनी फोटो काढला. बोटाचं एक हाड मोडलं होतं. शेजारचं कीड लागल्यासारखं पोखरलेलं. मोडक्या हाडावर ती रोज धावत होती.

मग त्यांनी थराने टिपलेल्या जुन्या नोंदी पडद्यावर लावल्या. काही वेगळं शोधत होत्या असं नाही. पायावरचा भार कधीपासून वाढला एवढंच बघायचं होतं. पण बघता बघता त्यांना एक बारीक कंप दिसला. तो वैनाचा नव्हता. जमिनीतून येत होता, तळ्याच्या बाजूने.

हत्ती खोल आवाजात गुरगुरतो. त्यातला बराचसा आवाज माणसाला ऐकू येत नाही, आणि तो हवेबरोबर जमिनीतूनही जातो. दुसरा हत्ती तो तळव्यांनी आणि बोटांच्या टोकांनी टिपतो. ऐकताना तो थबकतो आणि पुढच्या पायांवर थोडा झुकतो; दोन्ही पावलं मिळून ऐकतात, एक बधिर झालं तर हाक लागत नाही. कडं बसवण्याआधीच्या नोंदींत हे रोजचं होतं. तळ्यापलीकडून शेवंतीचा कंप यायचा, वैनाचा भार पुढे सरकायचा, दुखऱ्या पायावरसुद्धा, आणि मग वैनाचा स्वतःचा कंप जायचा. कळांक वर चढायचा, तरी ती झुकायची. मृदुलाबाईंनी हे चढ आधीही पाहिले होते. आकडा वाढतोय एवढंच त्यांनी तेव्हा वाचलं होतं.

कडं बसल्यानंतर शेवंती हाक मारत होती. वैना झुकत नव्हती. शेवंतीच्या हाका काही दिवस वाढत गेल्या, मग विरळ झाल्या. गेल्या दोन दिवसांत एकही नव्हती. शेवंतीने चारा टाकलाय, अशी तक्रार तिच्या माहुताने त्याच सुमारास केली होती. मृदुलाबाईंनी पोटाचं औषध लिहून दिलं होतं.

त्यांनी कडं बंद केलं.

वैनाने पाय झटकन उचलला. पडद्यावरचा आकडा चढत गेला, साठ, सत्तर, ब्याऐंशी. ती तीन पायांवर उभी राहिली. डोळ्यांच्या कडेने पाणी ओघळलं. मृदुलाबाईंचा हात पुन्हा कड्याच्या बटणावर गेला. तेवढ्यात वैनाने तो पाय हळूच टेकवला आणि ती पुढे झुकली. कान पसरून स्थिर उभी राहिली. मग तिच्या कपाळाची कातडी थरथरली. मृदुलाबाईंना ऐकू काहीच आलं नाही, छातीत मात्र काहीतरी घुमलं.

थोड्या वेळाने तळ्याकडून उत्तर आलं. पडद्यावर ते नीट दिसलं.

"हे काय करून राहिले तुमी?" सोमा दारात उभा होता. त्याची नजर आकड्यावर होती. "चालू करा ते."

"सोमा, ती शेवंतीशी बोलतेय."

"तिचा पाय पाहा ना."

"पाय मोडलाय तिचा. कड्यामुळेच मोडला."

 सोमा चाऱ्याच्या ढिगाला टेकला. "मीच म्हनलो होतो लावा म्हणून," तो म्हणाला. मग पुन्हा, हळू आवाजात, "आता तरी चालू करा."

त्यांनी कडं चालू केलं.

*

पुढे करण्यासारखं फारसं उरलं नव्हतं. हाड कापून पाय वाचतो का, हे बघायला बाहेरून दोन शल्यवैद्य आले आणि मान हलवून गेले. एवढ्या वजनाचं जनावर तीन पायांवर जगत नाही. दयामरणाचा दिवस ठरला. नियमाप्रमाणे त्या वेळी कळांक दहाच्या आत हवा होता. म्हणजे कडं चालू हवं होतं.

त्या सकाळी मृदुलाबाईंनी झेपेल तेवढं वेदनाशामक टोचलं. मूत्रपिंडांची काळजी आता करायची नव्हती. मग त्या सोमाला म्हणाल्या, "मी कडं काढणार आहे."

सोमा वैनाच्या पायाशी उभा होता. त्याने त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू त्या कुणी परक्या होत्या.

"इंजेक्शनने सगळी कळ जात नाही. तुमीच सांगितलं होतं."

"नाही जात."

"मंग काहून? अर्धा घंटा राहिला तिचा. तेवढा तरी सुखात जाऊ द्या."

"सुखात नाही जाणार ती. एकटी जाईल. खाली जमीनच नाही तिच्या."

"हे तुमाले वाटते. तिले तुमी विचारलं काय?"

"नाही," मृदुलाबाई म्हणाल्या. "तूही नाही विचारलंस."

"उद्या चौकशी समितीनं विचारलं तं मी खरं सांगन."

"सांग."

त्यांनी कडं उघडलं. ते खाली पडलं तेव्हा फरशी दणाणली. आकडा चढला आणि अठ्ठावन्नवर थांबला, मग वैनाने भार टाकला तसा आणखी चढला. सोमाने तोंड फिरवलं, पण तो गेला नाही. सोंड त्याच्या गळ्यात होती.

वैना झुकली. बराच वेळ तशीच राहिली. तळ्यापलीकडून कंप येत होता, थांबत होता, पुन्हा येत होता. वैना उत्तर देत होती. त्या दोघी काय बोलत होत्या हे मृदुलाबाईंना कळलं नाही, आणि कळल्याचा आव त्यांनी नंतरही कधी आणला नाही. मग वैनाचे गुडघे थकले आणि ती आपणहून कुशीवर झाली. मृदुलाबाईंनी कानामागची शीर शोधली आणि सुई घातली. सोमा काहीतरी त्याच्या भाषेत पुटपुटत होता, गोंडीत. शेवटपर्यंत.

शेवंतीचे कंप त्यानंतरही येत राहिले. संध्याकाळी कुणीतरी जाऊन पडदा बंद केला.

*

चौकशी झाली. कळांक शहात्तर असताना जनावराला मारलं, ही नोंद पुसता येत नव्हती. समितीत तिघेजण होते. त्यांनी सौम्यपणेच विचारलं, कडं कुणी काढलं.

"मी," मृदुलाबाई म्हणाल्या.

सोमाला विचारलं. "मी नको म्हनलो होतो," तो म्हणाला. "तिले दुखत होतं. मॅडमनं काढलं." मग त्याने हात जोडले आणि बाहेर आला. मृदुलाबाई बाकावर बसल्या होत्या. तो शेजारी बसला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. चहा आला तेव्हा त्याने एक कप त्यांच्यापुढे सरकवला.

मृदुलाबाईंना निवृत्तीच्या आधीच घरी जायला सांगितलं गेलं. त्यांनी शेवंतीच्या नोंदी समितीपुढे ठेवल्या होत्या, कड्याआधीच्या आणि नंतरच्या. त्या फायलीत लावल्या गेल्या. पण काही महिन्यांनी ठवकरांचा फोन आला. एकट्या हत्तिणीला ठेवू नये असं ठरलंय, म्हणाले. शेवंतीला दक्षिणेकडच्या रानातल्या हत्तीछावणीत पाठवतायत. सोमा तिच्याबरोबर जातोय, कायमचा. कड्याचं काय, असं मृदुलाबाईंनी विचारलं. "आठाऐवजी आता अकरा उद्यानांत वापरतात," ठवकर म्हणाले.

निघायच्या दिवशी मृदुलाबाई गेल्या. दिवाकरराव काठी घेऊन फाटकापर्यंत आले आणि सावलीत खुर्चीवर बसले.

ट्रकला लोखंडी उतरण लावली होती. शेवंतीने तिच्यावर पाय टेकवला, लोखंड वाजलं, तिने पाय मागे घेतला. पुन्हा टेकवला, पुन्हा घेतला. केळी दाखवली, गूळ दाखवला. ती हलली नाही. चालक घड्याळ बघू लागला. सोबतच्या माणसांपैकी एकाने अंकुश मागितला आणि सोमाने त्याच्याकडे नुसतं पाहिलं.

मृदुलाबाईंनी कोपऱ्यातलं घमेलं उचललं. शेवंतीच्या आवारातली माती त्यांनी भरली आणि लोखंडावर पसरली. एका घमेल्याने काही झाकलं गेलं नाही. त्या परत गेल्या. सोमाने फावडं घेतलं आणि भरून द्यायला लागला. उन्हाची वेळ होती. दोघांनाही दम लागत होता.

"मले अजून पटलं नाही जी," सोमा मातीकडे बघत म्हणाला. "त्या दिवशीचं."

"मलाही पूर्ण नाही पटलेलं."

"मंग?"

"मग काही नाही. भर."

लोखंड दिसेनासं झालं तेव्हा ते बाजूला झाले. शेवंतीने सोंडेने माती हुंगली. पुढचा पाय ठेवला, त्याच्यावर झुकली, थांबली. मग दुसरा ठेवला. हळूहळू, एकेक पाऊल चाचपत, ती वर गेली.

सोमाने आगळ लावली आणि चालकाशेजारी चढला. खिडकीतून तो म्हणाला, "नखं तासाले तिथं कोनी नाही. मधूनमधून याल काय?"

"घरचं जमवून येईन."

ट्रक गेला. मृदुलाबाई नळावर हात धुवायला गेल्या. नखांत शिरलेली माती निघेना, तेव्हा त्यांनी ओले हात पदराला पुसले आणि दिवाकररावांना उठवायला गेल्या.